भिंतीवरची वाटी

मला टीबी झाल्याचं कळलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर गल्लीला सांगितलं, लेकीकडं पुण्याला चालले. सगळ्यांसमोर घराला कुलूप लावलं, पिशवी घेऊन रिक्षात बसले आणि सरकारी दवाखान्यात भरती झाले. सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला तोंडाला स्कार्फ गुंडाळून मागच्या बोळातून आले आणि स्वतःच्याच घरात चोरासारखी मागच्या दारानं शिरले. पुढचं कुलूप तसंच ठेवलं. तिथून साडेपाच महिने मी पुण्याला होते. म्हणजे गल्लीच्या लेखी होते.

गोळ्या कशा घ्यायच्या, काय खायचं, ते डॉक्टर सांगतात. त्यासाठी माझी गरज नाही. मी लिहितेय ते अशा बाईसाठी, जी आत्ता रिपोर्ट पदराखाली धरून रिक्षात बसली आहे आणि घरी जाऊन कुणाला काय सांगायचं ते मनात जुळवते आहे. मीही जुळवलं होतं. बरं जुळलं होतं. त्यात एकच भोक होतं, ते पुढं येईलच.

हातचा धंदा

माझं नाव शालन, वय सत्तावन्न. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमची गल्ली आहे, अर्धी तेलुगू विणकरांची, अर्धी आमच्यासारख्यांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. रेखा, माझी एकुलती लेक, पुण्याला दिलीय. मी कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. डब्यात महिनोन्महिने टिकते. सोबत शेंगाची चटणी. नवी पेठेतल्या दोन दुकानांत माझा माल जातो आणि घरी येऊन नेणारी गिऱ्हाइकं वेगळीच. गल्लीत मला भाकरीवाल्या वहिनीच म्हणतात.

भाकरी हातानं थापतात. आता सांगा, टीबीवालीच्या हातची भाकरी कोण खाणार?

दिवाळीपासून खोकला होता. पिठाचा म्हणून मी काढा पीत राहिले. वजन उतरलं तर बायका म्हणाल्या, वहिनी बारीक झालात, छान दिसताय. माझा जीव सुखावला, मूर्ख मी. फेब्रुवारीत जिना चढताना धाप लागून खालीच बसले, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई रेखाच्या वयाच्या. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "मावशी, बरा होणारा आजार आहे. सहा महिने गोळ्या, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. फुप्फुसाभोवती पाणी झालंय, ते काढायला चार-पाच दिवस राहा."

मी विचारलं, "भाकरीतून जातो का हो हा?"

"नाही. खोकल्यातून, हवेतून जातो. गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत तोही धोका उतरतो. घरी कोण कोण आहे? त्यांची तपासणी करू."

"कुणी नाही."

"मग औषधाची आठवण करून द्यायला शेजारी कुणी?"

"शेजारी आहेत," मी म्हणाले, "पण त्यांना कळता कामा नये."

बाहेर बाकावर बसून मी रडले नाही. घरात चार मोठे डबे भरून तयार भाकरी होती, ती आठवत होती. दुकानाच्या पाच गठ्ठ्यांची ऑर्डर. भाकरीतून जात नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तरी मी ती विकू शकले नाही. दुकानदाराला फोन करून सांगितलं, पहिलटकरीण लेक आहे, डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, म्हणून मीच जाते.

यातलं पहिलटकरीण तेवढं खरं होतं. रेखाला सातवा लागला होता.

वॉर्ड

पहाटे झाडूच्या आवाजानं जाग यायची. मग वजनकाटा, मग थर्मामीटर, मग चहा, मग उकडलेलं अंडं. मी माळकरी बापाची लेक, अंडं कधी तोंडात घातलं नव्हतं. पहिल्या दिवशी उशाला ठेवून दिलं, तिसऱ्या दिवशी डोळे मिटून गिळलं. पाठीत सुई घालून पाणी काढलं तेव्हा सिस्टरनं माझा हात धरला होता. तिनं हातमोजे घातले होते, तरी मला बरं वाटलं. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या हाताला माणसाचा हात लागला तो तेवढाच.

चार ते सहा भेटायची वेळ. बाकी बायकांकडं डबे यायचे. मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची.

चौथ्या दिवशी रेखाला फोन करून खरं सांगितलं. न सांगून कसं चालेल? पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तिची बॅग भरून तयार होती. ती म्हणाली, "मी येते."

"पोटात लेकरू आहे. यायचं नाही."

"मग सासूबाईंना काय सांगू? माझ्या आईनं मला बाळंतपणाला बोलावलं नाही म्हणून?"

"सोलापूरचं ऊन सांग."

"आई, तुला सगळ्यांना काहीतरी सांगायचंच असतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन येत राहिले, पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यावर आले. ती रागावली होती आणि तिचं चुकलं नव्हतं.

पुण्यातले दिवस

बंद घरात गुपचूप राहणं हे काही खायचं काम नाही. कुकरची शिटी काढून ठेवली. मिक्सर बंद, टीव्ही बंद. आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेव्हा मोटर लावली तर गल्लीला ऐकू जाणार, म्हणून मागच्या नळाला येईल तेवढी धार कळशीत धरायची. खोकला उशीत. बाजारहाट लांबच्या भागात जाऊन करायचा. एक बरं, सोलापूरच्या उन्हात सगळ्याच बायका तोंड गुंडाळून फिरतात, त्यामुळं माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

सगळ्यात जड गेलं ते भाकरी न थापणं. थापायचा आवाज तीन घरं ऐकू जातो. तीस वर्षं त्या आवाजानं माझी सकाळ झाली होती. आता मी खिचडी खायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खाट टाकून मागच्या परसाकडं बघत पडायची.

परस म्हणजे काय, एक पेरूचं झाड, एक पिंप, कपड्यांची दोरी आणि शेजारच्या लक्ष्मीअक्काची आणि माझी मिळून एक भिंत, खांद्याएवढी. त्या भिंतीवर एक स्टीलची वाटी असते, पाखरांना दाणे टाकायची. त्या वाटीची गोष्ट वेगळी आहे. ती मला सांगायची नव्हती, पण सांगते.

आधी पाखरं. उजाडायच्या आत मी हळूच जाऊन वाटी भरून यायची. ज्वारी नाही, बाजरी नाही. त्या न विकलेल्या डब्यांतल्या कडक भाकऱ्या कुस्करून टाकायची. माझ्या हातची भाकरी त्या वर्षी फक्त पाखरांनी खाल्ली.

सगळ्यात आधी चिमण्या येत. मग साळुंक्या, पाय आपटत, घरच्या मालकिणीच्या तोऱ्यात. एक होला होता, कबुतराच्या जातीचा, तो सरळ वाटीतच बसायचा. स्वतः खायचा नाही, दुसऱ्याला खाऊ द्यायचा नाही. आमच्या सासूबाई अशाच धान्याच्या कोठीला टेकून बसायच्या. नऊच्या सुमाराला सातभाई येत, कलकलाट करत. सात जणं, कायम बरोबर. भांडतील, एकमेकांच्या अंगावर पडतील, पण एक उडाला की सगळे उडणार. त्यांच्याकडं बघवायचं नाही. मी खिडकीतून तोंड फिरवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघायची.

आणि खार. तिची शेपटी अर्धी तुटलेली, म्हणून मी तिला तुटकी म्हणायची. दोन हातांत तुकडा धरून, गोल फिरवून, कडेकडेनं खायची. खाताना थांबून माझ्या खिडकीकडं बघायची. दिवसभरात माझ्याकडं बघणारं तेवढं एकच कुणी होतं. खोकल्याची उबळ आली तरी ती पळायची नाही, नुसती तुकडा छातीशी धरून थांबायची.

लक्ष्मीअक्का

लक्ष्मीअक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. मालक टॉवेलच्या कारखान्यात, त्या घरी बसून विड्या वळतात. पूर्वी आमच्या भिंतीवरून वाट्या जायच्या-यायच्या. माझी चटणी गेली की त्यांचा चिंचेचा भात यायचा. रिकामी वाटी परत करत नाहीत, ही दोन्हीकडची रीत.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या सासऱ्यांना टीबी झाला. त्यांनी सांगितलं नाही, पण खोकला भिंतीतून यायचा. त्या उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, अक्कांनी नेहमीसारखा भात पाठवला. मी तो गाईला घातला. वाटी घरात घेतली नाही. परत द्यायला हात लावायचा, मग ती भरायची, मग ती तिकडून पुन्हा येणार. त्यापेक्षा मी ती भिंतीवर तशीच ठेवून दिली आणि दोन-तीन बायकांना म्हटलं, जरा जपून बरं का. वाटीत पावसाचं पाणी साठलं, चिमण्या प्यायला लागल्या, मग मी दाणे टाकायला लागले आणि माझं मलाच पटवलं की मी पाखरांसाठी ठेवलीय. वाटीवर अक्कांच्या सासूचं नाव तेलुगूत कोरलेलं आहे. अक्कांना ती रोज दिसत होती. त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि वाट्यांचं येणं-जाणं बंद पडलं ते पडलंच.

म्हणून गल्ली काय करेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच केलं होतं.

निघायच्या दिवशी अक्कांनी भिंतीवरून विचारलं होतं, "पुण्याला चाललाव व्हय? मग पाखरांचं काय?" मी म्हटलं, दूधवाल्याला सांगितलंय, बोळातून जाता जाता दाणे टाकेल. बाईला पटलं, असं मी धरून चालले.

पण माझ्या मागं त्यांचं डोकं फिरलं असावं असं मला वाटायला लागलं. रोज दुपारी चारला सूप मांडीवर घेऊन त्या भिंतीपाशी विड्या वळत बसायच्या आणि चक्क खारीशी बोलायच्या.

"काय गं, जेवलीस का? आज लई ऊन हाय. दुपारचं बाहेर पडू नगंस." मग गल्लीच्या बातम्या. कोपऱ्यावरच्या मुलीचं लग्न जमलं. अमक्याची मोटरसायकल चोरीला गेली आणि त्याच्याच मेव्हण्याकडं सापडली. "आन् ते नवी पेठेतलं दुकानदार आलतं, भाकरीवाल्या वहिनी कवा येणार म्हणून. म्या सांगितलं, गणपतीच्या आधी येतील. बाकी कुणाची भाकरी त्याच्या गिऱ्हाइकाला चालंना झालीय म्हणं."

मी खाटेवर पडून ऐकायची. आधी हसू आलं. मग चारची वाट बघायला लागले. साडेतीनला तोंड धुऊन, केस विंचरून बसायची, खारीशी बोलणाऱ्या बाईचं ऐकायला.

पाण्याच्या दिवशी तर कमाल. अक्का त्यांचा पाइप भिंतीवरून टाकायच्या आणि मोठ्यांदा म्हणायच्या, "पेरू वाळाय लागलाय. घरात माणूस न्हाय, झाडाला तरी पाणी नगं का?" आणि पाइप सोडायच्या तो सरळ पिंपात. पेरू दोन हात लांब. मी म्हणायची, काय वेंधळी बाई आहे, झाड कुठं आणि पाणी कुठं. पण पिंप भरायचं, आणि मला धार धरत बसावं लागायचं नाही.

रिकामी वाटी

मे महिन्यात थुंकी साफ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता खुशाल माणसांत बसा." मी आरशात बघितलं. गालाची हाडं वर आलेली, गळ्यात खड्डे. हे तोंड घेऊन पुण्याहून आले म्हटलं तर शेंबडं पोरही ओळखेल. म्हटलं, अजून थोडे दिवस.

जूनमध्ये रेखाला मुलगी झाली. फोनवर फोटो आला, घट्ट मिटलेल्या मुठी. रेखाच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आईनं असायला पाहिजे होतं." फोन ठेवला आणि मग मी रडले, पण तेही उशीत.

दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कशासाठी घ्यायच्या ते सुचेना. वाटी भरायला उठले नाही. खार भिंतीवर आली, वाटीत तोंड घातलं, खिडकीकडं बघितलं, गेली. सातभाई आले आणि गेले. घरात एवढी शांतता कधी झाली नव्हती.

चारला अक्का आल्या. "दोन दिस झाले, वाटी रिकामी. दूधवाला आला न्हाय वाटतं." मग विडीच्या पानांचा आवाज. "लेकरू झालं की आई हळवी होती. आजी पन होती. पन आजीला लेकरू उचलायचं आसंल तर दंडात बळ नगं का? उठावं. कडू लागलं तरी गिळावं. आमचे सासरे मधीच सोडायचे, बरं वाटलं की सोडायचे. मग न्हाईच ऱ्हायले."

लेकरू झाल्याचं हिला कसं कळलं? मग मनाची समजूत घातली, गल्लीला सांगितलंच होतं की बाळंतपण आहे, दिवस मोजता येतात. खारीला पिल्लं झाली असतील. काहीही. खरं सांगायचं तर तेव्हा मला कळलं होतं की नव्हतं, हे आज सांगता येत नाही. माणूस मनालाही बाहेरून कुलूप लावून मागच्या दारानं आत बसतो.

एवढं खरं की मी उठले, खिचडी टाकली, गोळ्या गिळल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन दोन दिवस चुकल्याचं कबूल केलं आणि बोलणी खाल्ली. त्यानंतर एकही चुकवली नाही. वाटीही.

आले पुण्याहून

ऑगस्टमध्ये गाल भरले. एक दिवस पहाटे पिशवी घेऊन बोळातून निघाले, स्टँडवर जाऊन चहा प्याले आणि तिथून रिक्षा करून ऐटीत घराच्या पुढच्या दाराशी उतरले. साडेपाच महिन्यांचं गंजलेलं कुलूप उघडेना. रिक्षावाल्यानं दगड घातला. बायका जमल्या, बाळ कसं आहे, कुणावर गेलं, विचारलं. लक्ष्मीअक्का दारात उभ्या होत्या. "आलाव व्हय पुण्याहून?" म्हणाल्या. "गाडीला गर्दी हुती का?"

"लई गर्दी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात दात घासत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "रा, रा... तिनु." अक्का खारीला शेंगदाणा दाखवत होत्या. तेलुगूत. ये, ये, खा.

मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिले. अक्का घरात तेलुगू बोलतात. मालकाशी, सुनेशी, मांजराशी, देवाशी सुद्धा. चूळ भरली आणि विचारलं, "अक्का, आज खारीशी तेलुगूत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मग? खारीशी कोन मराठी बोलतंय, वहिनी?"

मी ब्रश पिंपावर ठेवला. "कधीपासून?"

"तुमी गेल्यावर सातव्या दिवशीपासनं. वाटीत कडक भाकरीचा चुरा. दूधवाला ज्वारी टाकंल, तांदूळ टाकंल. तुमच्या हातची भाकरी कुटनं आनंल? तरी त्याला विचारलं. तो म्हनला, मला कुनी सांगितलंच न्हाय." मग म्हणाल्या, "आन् तसला खोकला म्या सासऱ्यांचा दीड वर्ष ऐकलाय वो."

हेच ते भोक. सगळ्या घराचा आवाज बंद केला आणि तीस वर्षांची हातची ओळख रोज सकाळी उचलून भिंतीवर मांडत राहिले.

"मग हाक का नाही मारलीत?"

"कुलूप तुमी लावलं. कुलूप लावल्याल्या घराला हाक मारत न्हाईत. भिंतीला काय कुलूप नव्हतं, म्हून हितं बसले."

"अक्का, ही वाटी..."

"आमचीच हाय. सासूबाईंचं नाव हाय की त्याच्यावर."

"त्या वेळी मी तुमचा भात..."

"व्हय," अक्का म्हणाल्या. जाऊ द्या म्हणाल्या नाहीत, आणि तेच बरं झालं. मी भिंतीशी उभी राहून रडले, उशीशिवाय, मोठ्यांदा. अक्का पलीकडं उभ्या राहिल्या. तुटकी शेंगदाणा घेऊन पेरूवर गेली.

मी वाटी उचलली, म्हटलं, घासूनपुसून चटणी भरून देते. त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. आता पाखरांची झाली ती. चटणी दुसऱ्या भांड्यात द्या. आन् धा भाकऱ्या टाका. आमचे मालक दुकानातनं तुमचीच आनायचे, सहा महिनं त्यास्नी दुसरी कुनाची गोड लागंना."

मी पीठ मळलं. हात विसरले असतील अशी भीती होती. पहिली भाकरी काठाला फाटली, ती वाटीत गेली. दुसरी नीट उतरली. थापायचा आवाज तीन घरं गेला असणार, जाऊ दे. दुपारी तीन बायका विचारायला आल्या आणि मी तिघींनाही खरं काय ते सांगितलं. दोघींनी भाकरी नेली. एक आजतागायत आलेली नाही.

अक्कांच्या दहा भाकऱ्या आणि चटणी भिंतीवरून गेली आणि संध्याकाळी त्यांचं ताट आलं, चिंचेच्या भातानं भरलेलं. मी परसातच उभी राहून सगळा खाल्ला. ताट घासून माझ्या ताटांच्या बरोबर लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि रिकामं देत नाहीत.